मिरगीच्या गोळ्या आणि पोटातल्या बाळाचा मेंदू: गोळी बंद करावी, बदलावी की तशीच चालू ठेवावी?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीच्या औषधाबद्दल विचारायचे आहे. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावे, ही विनंती.

बहीण तेवीस वर्षांची आहे. नववीत असताना सकाळी उठल्याबरोबर तिचे हात झटकायचे, चहाची कपबशी हातातून उडून पडायची, आणि घरातले सगळे तिला वेंधळी म्हणून बोलायचे. पुढे एका लग्नघरी रात्रभर जागरण झाले आणि पहाटे तिला मोठा झटका आला, तेव्हा कुठे ही मिरगी असल्याचे नागपूरच्या डॉक्टरांकडून कळले. तेव्हापासून ती सोडियम व्हॅल्प्रोएटची ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ नियमाने घेते आणि मोठा झटका पुन्हा आलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. आजार आम्ही सासरी लपवला नव्हता आणि जावई समजूतदार आहेत. आता घरात पाळणा हलावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. मात्र तिच्या गावच्या औषध दुकानात तिला सांगण्यात आले की या गोळीने पोटातल्या लेकराचा मेंदू कमजोर होतो, तेव्हा ही सोडून कार्बामाझेपिन घे, तीही मिरगीचीच गोळी आहे. शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंचे म्हणणे असे की दिवस राहिल्याचे कळले की सगळ्याच गोळ्या बंद करायच्या. बहीण इतकी घाबरली आहे की मागच्या आठवड्यात तिने संध्याकाळची गोळी घेणेच टाळले होते. मी फोनवर रागावलो तेव्हा पुन्हा सुरू केली.

या गोळीने बाळाच्या मेंदूच्या पेशींवर खरोखर परिणाम होतो का, होत असेल तर तो कसा होतो, आणि बाळाला वाचवण्यासाठी आपल्या हातात काय आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. सासरी कापसाची शेती आहे, फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे घरातच असतात. सासूबाईंना खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, सवय आहे आणि आता बहिणीच्याही हातावर अधूनमधून तो पडतो. याचाही विचार करावा लागेल का?

निवृत्त औषधशास्त्र शिक्षक (वर्धा)

भाऊ, सर्वांत आधी एक गोष्ट बहिणीला आजच फोन करून सांगा. गोळी एकदम बंद करायची नाही, आणि दुकानातून दुसरी आणून स्वतःच्या मनाने बदलायचीही नाही. व्हॅल्प्रोएट अचानक तोडल्यास एकामागून एक झटके येऊन ते थांबतच नाहीत अशी अवस्था येऊ शकते आणि तीत जीव जाऊ शकतो. गर्भवतीला मोठा झटका आला तर बाळाचा प्राणवायू कमी पडतो, पडल्यामुळे पोटाला मार बसतो. शेजारच्या बाईंचा सल्ला मायेपोटी आला असेल, परंतु तो धोक्याचा आहे.

आता दुकानदाराचे म्हणणे पाहू. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. मिरगीच्या प्रचलित औषधांपैकी गर्भाच्या मेंदूला सर्वाधिक अपाय करणारे औषध व्हॅल्प्रोएटच आहे. दर शंभर गर्भांमागे सर्वसाधारणपणे दोन-तीन बाळांत जन्मजात मोठे व्यंग आढळते. आई व्हॅल्प्रोएट घेत असेल तर हे प्रमाण दहाच्या आसपास जाते. त्याहून अधिक काळजीची बाब अशी की जन्मतः धडधाकट दिसणाऱ्या बाळांपैकीही शंभरात तीस ते चाळीस मुलांना पुढे चालणे, बोलणे, लक्ष लागणे, शिकणे किंवा माणसांत मिसळणे यांत अडचणी येऊ शकतात. अमेरिका आणि ब्रिटनमधील गर्भवतींचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, सहाव्या वर्षी मुलांचा सरासरी बुद्ध्यंक लॅमोट्रिजिन आणि फेनिटोइन गटांत १०८, कार्बामाझेपिन गटात १०५ आणि व्हॅल्प्रोएट गटात ९७ आढळला. मात्रा जितकी अधिक तितका परिणाम अधिक, हेही त्यात दिसले. तुमच्या बहिणीची मात्रा दिवसाला १००० मिलिग्रॅम आहे, ती कमी म्हणता येणार नाही.

हे पेशींच्या पातळीवर कसे घडते, ते समजले तर वेळेचे महत्त्व पटेल. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात पाठीकडच्या पेशींचा एक पातळ पट्टा दोन्ही कडांनी वर उचलला जाऊन त्याची नळी बनते. हिला मज्जानलिका म्हणतात. साधारण २८ व्या दिवसापर्यंत ती बंद व्हावी लागते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी घडत नाही, खालचे राहिले तर पाठीचा कणा दुभंगतो. व्हॅल्प्रोएट पेशीच्या केंद्रकातील जनुके उघडण्या-मिटण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करते, म्हणजे जे जनुक या क्षणी झाकलेले असावे ते उघडे राहते, आणि पेशीच्या वाढीचा ठरलेला क्रम बिघडतो. फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामातही त्याचा अडथळा येतो. आता हिशेब करून पाहा: २८ वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. आपल्याकडे तोवर दिवस राहिल्याचे निश्चितही झालेले नसते. म्हणून ‘दिवस राहिल्यावर बघू’ हा विचार मज्जानलिकेच्या बाबतीत उशिराचा ठरतो.

त्यानंतरही जोखीम संपत नाही. पुढच्या महिन्यांत चेतापेशी प्रचंड वेगाने जन्मतात आणि, वेल मांडवाच्या दोरीला धरून वर चढावा तशा, आधार देणाऱ्या लांबट पेशींना धरून मेंदूच्या बाहेरच्या थरात आपापल्या जागी पोहोचतात. जागेवर पोहोचल्यावर त्या एकमेकींशी जोडण्या करतात. या काळात प्रत्येक पेशीला शेजारणीकडून योग्य प्रमाणात संदेश मिळत राहावा लागतो. तो फार काळ दबला तर पेशी स्वतःलाच संपवते. अनावश्यक पेशी काढून टाकण्याची ही निसर्गाची सोय आहे, परंतु संदेश दाबणारी औषधे आणि दारू यांमुळे चांगल्या पेशीही त्या वाटेला लागतात. दारूबाबत नवजात उंदरांवरील प्रयोगांतून २००० साली आणि फेनिटोइन, फेनोबार्बिटल, डायझेपाम, व्हॅल्प्रोएट यांच्याबाबत २००२ साली हे दाखवण्यात आले.

अर्थात प्राण्यांतील प्रत्येक निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. भूल देण्याच्या औषधांचेच पाहा. प्राण्यांतील अशाच निष्कर्षांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली तीन वर्षांखालील मुलांना आणि शेवटच्या तिमाहीतील गर्भवतींना तीन तासांहून अधिक वेळ किंवा वारंवार भूल देण्याबाबत इशारा दिला. मात्र तान्हेपणी एकदाच, तासाभराच्या आत भूल दिलेल्या मुलांची पाचव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा, २०१९ च्या अहवालानुसार, त्यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. तेव्हा कोणते औषध, किती मात्रेत, किती काळ आणि मेंदूच्या घडणीच्या कोणत्या टप्प्यावर, हे चारही प्रश्न विचारल्याशिवाय भीतीही बाळगू नये आणि निश्चिंतही राहू नये.

दुकानदाराच्या सल्ल्याचा दुसरा भाग मात्र तुमच्या बहिणीच्या बाबतीत चुकीचा ठरण्याची दाट शक्यता आहे. सकाळी हात झटकणे, जागरणानंतर मोठा झटका येणे, सुरुवात किशोरवयात होणे, हे वर्णन मिरगीच्या एका विशिष्ट प्रकाराशी जुळते, आणि त्या प्रकारात कार्बामाझेपिन व फेनिटोइन यांनी झटके वाढू शकतात. या प्रकारात गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीसाठी मेंदूविकारतज्ज्ञ सहसा लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन यांचा विचार करतात, कारण गर्भाच्या मेंदूच्या दृष्टीने आजवरच्या अनुभवात ही दोन औषधे सर्वांत कमी जोखमीची ठरली आहेत. हा बदल गर्भधारणेच्या आधी, नवे औषध हळूहळू वाढवत आणि जुने हळूहळू उतरवत करायचा असतो. लॅमोट्रिजिन फार सावकाश वाढवावे लागते, कारण व्हॅल्प्रोएटमुळे रक्तात त्याचे प्रमाण एकदम चढते आणि अंगावर गंभीर स्वरूपाचे चट्टे उठू शकतात. बदल पूर्ण होऊन झटके नियंत्रणात आहेत याची खात्री होईपर्यंत काही महिने पाळणा लांबवावा लागेल. त्या काळासाठी कॉपर-टीसारखे साधन योग्य, कारण काही गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनचा प्रभाव कमी करतात.

ही खबरदारी आता जगभर घेतली जाते. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालील कोणालाही, स्त्री असो वा पुरुष, दोन तज्ज्ञांच्या संमतीशिवाय व्हॅल्प्रोएट नव्याने सुरू करता येत नाही. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून मिरगी असलेल्या गर्भवतींची नोंद ठेवली जाते, तेव्हा हा प्रश्न केवळ परदेशातला आहे असेही समजू नका. मुलीला वयात येताना व्हॅल्प्रोएट सुरू होते, तेव्हाच लग्नाच्या वयाआधी औषधाचा फेरविचार करावा लागेल हे आईवडिलांना सांगितले गेले पाहिजे. आपल्या भागात ते फार क्वचित सांगितले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दोन लेकरांची माय (वरोरा)

दादा, तुमच्या बहिणीचे वर्णन वाचून मला माझेच दिवस आठवले. मलाही हाच प्रकार आहे आणि मीही व्हॅल्प्रोएटवर होते. लग्न ठरले तेव्हा माझ्या आईनेच डॉक्टरांना थेट विचारले की हिला लेकरू होताना ही गोळी चालेल का, आणि तिथून बदलाची सुरुवात झाली. लेव्हेटिरासिटाम सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे माझी फार चिडचिड होत असे, विनाकारण रडू येई. हा औषधाचा ज्ञात परिणाम असल्याचे आधी सांगितलेले होते म्हणून घरच्यांनी सांभाळून घेतले. तुमच्या जावयांनाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर सासरी त्याचा भलताच अर्थ काढला जाईल.

सकाळच्या झटक्यांकडे बारकाईने लक्ष ठेवायला सांगा. मोठा झटका येत नाही म्हणजे सगळे ठीक, असे नसते. वेणी घालताना फणी हातातून निसटणे किंवा भाकरी थापताना हात अचानक उडणे, एवढीच खूण असते. ती वहीत तारखेसह लिहून ठेवली तर मात्रा कमी पडते आहे का, हे डॉक्टरांना ठरवता येते. गरोदरपणात तर हे फारच उपयोगी पडले, कारण शरीर या गोळ्या नेहमीपेक्षा लवकर बाहेर टाकते आणि पूर्वीची मात्रा पुरेनाशी होते. माझी मात्रा गरोदरपणात वाढवावी लागली आणि बाळंतपणानंतर पुन्हा कमी केली गेली.

झोपेचा विषय सासरच्या सगळ्यांसमोर काढा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे सून पहाटे सर्वांच्या आधी उठते आणि सर्वांच्या नंतर निजते. या प्रकारच्या मिरगीत जागरण हे झटक्याचे सर्वांत मोठे कारण आहे. बाळ झाल्यावर तर प्रश्न आणखी अवघड होतो. आमच्याकडे रात्रीचे एक दूध मी आधीच काढून ठेवत असे आणि ते वाटी-चमच्याने पाजण्याचे काम माझे पती करत, त्यामुळे मला सलग झोप मिळे. बाळाची अंघोळ मी कधीही एकटीने घातली नाही, आणि पाजताना खाटेवर न बसता खाली गादीवर भिंतीला टेकून बसत असे. माझी दोन्ही लेकरे आज शाळेत जातात.

आशा कार्यकर्ती (घाटंजी)

दादा, गावपातळीवर काय करता येईल ते मी लिहिते.

पहिली गोष्ट फोलिक ॲसिडची. गरोदर बाईला आम्ही जी लाल गोळी देतो, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, परंतु ती चौथ्या महिन्यापासून सुरू होते. सरांनी सांगितलेला २८ वा दिवस तोवर केव्हाच उलटून गेलेला असतो. म्हणून बाळाचा विचार सुरू होताच, दिवस राहण्याच्या किमान एक ते तीन महिने आधीपासून फोलिक ॲसिड घ्यायला हवे. सर्वसाधारण स्त्रीला ४०० मायक्रोग्रॅम पुरते. मिरगीच्या औषधावर असलेल्या स्त्रीला डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी लिहून देतात. ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. आधीचे बाळ मज्जानलिकेच्या व्यंगाने गेलेल्या मातांना गर्भधारणेच्या आधीपासून ४ मिलिग्रॅम दिल्यावर असे व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असे १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सिद्ध केले. मात्र फोलिक ॲसिड घेतले म्हणून व्हॅल्प्रोएटचा धोका संपला, असे कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची, आणि इथे मी जरा स्पष्ट लिहिते. पन्नीत तंबाखू, सुपारी आणि चुना घालून घोटलेला तो चिमूटभर ऐवज बायका ‘जेवण पचते’ म्हणून तोंडात धरतात, गरोदरपणात मळमळ थांबते म्हणून तर अधिकच धरतात. त्यातले निकोटिन वारेतून थेट बाळापर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या पेशींवरील ज्या ठिकाणी शरीराचा स्वतःचा संदेश बसायला हवा, तिथे अवेळी जाऊन बसते. वारेतील रक्तपुरवठाही घटतो, बाळ कमी वजनाचे होते, पोटातच दगावण्याची शक्यता वाढते. सासूबाईंना दोष न देता, परंतु त्यांच्या समोरच हे बोलले पाहिजे, कारण सुनेच्या हातावर खर्रा ठेवणारा हात त्यांचाच असतो. मोहाच्या दारूबद्दलही हेच: गरोदरपणात तिची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, सणाची म्हणून घोटभरही नाही.

फवारणीबद्दल आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात फवारणीची विषबाधा होऊन माणसे दगावली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कापसावर मारली जाणारी अनेक कीटकनाशके चेतासंस्थेवरच काम करतात, म्हणून तर कीड मरते. त्यांपैकी क्लोरपायरिफॉसच्या संपर्कात आलेल्या न्यूयॉर्कमधील गर्भवतींच्या मुलांची सातव्या वर्षी तपासणी केली तेव्हा, जितका संपर्क अधिक तितकी मुलांची स्मरणशक्ती आणि बुद्ध्यंक कमी, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा बहिणीने औषध कालवू नये, पंपासाठी पाणी भरून देण्यापुरतेही फवाऱ्याच्या जवळ जाऊ नये, आणि फवारा मारलेल्या वावरात लगेच निंदायला उतरू नये. डबे आणि पंप घरातून हलवून कुलपाच्या कोठीत ठेवावेत. जावयांनी फवारणीचे कपडे बाहेरच उतरवून वेगळ्या बादलीत स्वतः धुवावेत. हे शेवटचे सांगितले की पुरुषमंडळी गप्प होतात, पण सांगावेच लागते.

दिवस राहिल्यावर नोंदणी लगेच करा आणि मिरगी असल्याचे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या, म्हणजे ती जोखमीची माता म्हणून नोंदवली जाईल. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. प्रसूती घरी किंवा उपकेंद्रात नको. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच करायची, हे आधीच ठरवून ठेवा.

पऱ्हाटी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. बहिणीला आणि जावयांना आज सगळे वाचून दाखवले. बहिणीने संध्याकाळची गोळी पुन्हा चुकवणार नाही असे सांगितले आहे, आणि नागपूरला जाण्याचा दिवस ठरवतो आहोत. दोन शंका राहिल्या. गोळी बदलण्याच्या आतच दिवस राहिले तर काय करायचे? आणि सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित दिसले तर मेंदूही व्यवस्थित आहे असे धरायचे का?

निवृत्त औषधशास्त्र शिक्षक (वर्धा)

पाळी आठवडाभर जरी लांबली तरी तपासणी करून घ्या, आणि दिवस राहिले असतील तर त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांना कळवा. गोळी त्यांच्या सूचनेनेच कमी होईल किंवा बदलेल; मधल्या काळात ती चुकवायची नाही. अशा वेळी डॉक्टर शक्य तितकी कमी मात्रा, दिवसात विभागून, देण्याचा विचार करतात.

सोनोग्राफीबद्दलची शंका योग्य आहे. अठरा ते वीस आठवड्यांच्या सविस्तर सोनोग्राफीत मज्जानलिकेचे व्यंग आणि हृदयाचे बरेच दोष दिसू शकतात, म्हणून ती अवश्य करून घ्यावी, आणि गंभीर दोष आढळल्यास २०२१ च्या दुरुस्तीनंतरचा गर्भपाताचा कायदा काय म्हणतो, ते डॉक्टरांकडून समजून घेता येते. मात्र पेशींच्या जोडण्या नीट झाल्या की नाही, हे कोणत्याही सोनोग्राफीत दिसत नाही. ते मूल वाढतानाच कळते. बाळ तीन-चार महिन्यांत मान धरते का, आवाजाकडे वळते का, वर्षाच्या आसपास एखादा शब्द बोलते का, नावाने हाक मारल्यावर पाहते का, यावर लक्ष ठेवावे लागते. थोडीही शंका आली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा बाळाला दाखवा; तिथून जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राकडे पाठवता येते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू नव्या जोडण्या झपाट्याने करत असतो, म्हणून भाषेचे आणि हालचालींचे उपचार याच काळात सुरू झाले तर अधिक लाभ होतो.

तुम्ही विचारले नाही, परंतु पुढे हा प्रश्न येईलच म्हणून लिहितो. मिरगीच्या गोळ्या चालू आहेत या कारणाने आईचे दूध तोडू नये. मी वर उल्लेख केलेल्या पाठपुराव्यातच आईचे दूध मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यंक सहाव्या वर्षी न मिळालेल्यांपेक्षा सरासरी चार गुणांनी अधिक आढळला.

नागपूरला जाताना जुन्या चिठ्ठ्या, मेंदूच्या आलेखाचा (ईईजीचा) जुना अहवाल, सध्याच्या गोळ्यांची पाकिटे आणि सकाळच्या झटक्यांची वही सोबत घ्या. जावयांनाही बरोबर न्या, म्हणजे पाळणा का आणि किती लांबवायचा, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकता येईल.